आयडिऑलॉजी : शास्त्राचे नाव, शिवी आणि विचारसरणी

‘आयडिऑलॉजी’ हा शब्द कोणी घडवला आणि केव्हा घडवला, हे नक्की सांगता येते. फ्रेंच विचारवंत आंत्वान देस्त्यूत द त्रासी याने १७९६ मध्ये पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधात तो पहिल्यांदा वापरला. ग्रीक ‘इदेआ’ म्हणजे कल्पना आणि ‘लोगोस’ म्हणजे विवेचन किंवा शास्त्र. हे दोन जोडून झाला ‘इदेओलोजी’, म्हणजे कल्पनांचे शास्त्र. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र यांच्या पंगतीत बसेल असे एक नवे शास्त्र त्याला उभे करायचे होते. त्या शास्त्राचा आज मागमूस उरलेला नाही. शब्द मात्र जगभरच्या भाषांत पोहोचला, आणि पोहोचता पोहोचता त्याचा अर्थ जवळजवळ उलटा झाला.

मराठीत या शब्दासाठी विचारसरणी, विचारप्रणाली, तत्त्वप्रणाली असे पर्याय रूढ आहेत. समाज आज कसा आहे, तो कसा असायला हवा आणि तिथवर पोहोचण्यासाठी काय करायला हवे, या तीन प्रश्नांची एकमेकांशी जुळणारी उत्तरे ज्या कल्पनासमूहात मिळतात, त्याला ढोबळमानाने विचारसरणी म्हणतात. उदारमतवाद, समाजवाद, राष्ट्रवाद, स्त्रीवाद ही तिची ठळक उदाहरणे. पण व्यवहारात हा शब्द दोन तोंडांनी बोलतो. एखाद्या पक्षाला ‘विचारसरणीच उरली नाही’ असे म्हटले की ती उणीव ठरते. एखाद्या इतिहासकाराने ‘विचारसरणीच्या चष्म्यातून’ लिहिले असे म्हटले की तो आरोप ठरतो. एकाच शब्दाचा हा गौरव आणि हा अधिक्षेप कुठून आला, याचे उत्तर त्याच्या सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासात आहे.

शब्दाआधीची पार्श्वभूमी

माणसाची समजूत चुकते ती का, हा प्रश्न त्रासीच्या आधीपासून युरोपात चर्चेत होता. इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकनने १६२० मध्ये ‘नोव्हम ऑर्गनम’ या ग्रंथात बुद्धीला भुलवणाऱ्या चार प्रकारच्या ‘मूर्ती’ सांगितल्या. पहिली सगळ्या मानवजातीच्या स्वभावातून येणारी, दुसरी ज्याच्या त्याच्या वैयक्तिक घडणीतून येणारी, तिसरी बाजारात म्हणजे लोकव्यवहारात वापरल्या जाणाऱ्या सैल शब्दांतून येणारी आणि चौथी नाटकासारख्या रचलेल्या तत्त्वज्ञानाच्या मोठमोठ्या पद्धतींतून येणारी. या मूर्ती फोडल्याशिवाय निसर्ग जसा आहे तसा दिसणार नाही, असे बेकनचे म्हणणे होते.

जॉन लॉकने १६९० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या मानवी आकलनावरील ग्रंथात त्यापुढचे पाऊल टाकले. जन्मतः मनात कोणतीही कल्पना नसते. सगळ्या कल्पना अनुभवातून येतात, असा सिद्धांत त्याने मांडला. तो वरवर निरुपद्रवी वाटला तरी त्याच्या पोटात राजकारण होते. राजा ईश्वरी इच्छेने राज्य करतो किंवा सरदाराचे रक्त श्रेष्ठ असते, या समजुती जर जन्मजात नसतील, तर त्या कोणीतरी शिकवलेल्या असल्या पाहिजेत. आणि जे शिकवले गेले आहे ते बदलून शिकवता येते.

फ्रान्समध्ये लॉकचा धागा एतिएन बोनो द कोंदियाक याने पुढे नेला. १७५४ च्या ‘संवेदनांवरील ग्रंथा’त त्याने एक प्रयोग कल्पिला. आतून माणसासारखाच घडवलेला पण एकही संवेदना नसलेला संगमरवरी पुतळा घ्यायचा. त्याला प्रथम फक्त वासाचे इंद्रिय द्यायचे आणि नाकापाशी गुलाब धरायचा. त्या क्षणी पुतळ्याचे सगळे अस्तित्व म्हणजे गुलाबाचा वास. गुलाब दूर नेला की वासाची खूण मागे राहते, ती स्मृती. दुसरे फूल आणले की दोन वासांची तुलना होते, तो निर्णय. एक वास हवासा आणि दुसरा नकोसा वाटला की इच्छा जागी होते. अशी एकेक इंद्रिये उघडत गेल्यावर निव्वळ संवेदनांतून संपूर्ण मन उभे राहते, असे कोंदियाकने दाखवून दिले. ‘इदेओलोजी’चे वैचारिक भांडवल हेच होते.

कैदखान्यातून विद्वत्सभेत

त्रासीचा जन्म १७५४ चा, उमराव घराण्यातला. तो सैन्यात कर्नल होता. १७८९ मध्ये फ्रान्सच्या राजाने बोलावलेल्या सभेत तो उमरावांचा प्रतिनिधी म्हणून निवडून गेला आणि उमरावांचे विशेषाधिकार सोडून देणाऱ्या गटात सामील झाला. पुढे क्रांती हिंसक झाली तेव्हा तो पॅरिसजवळच्या ओतय या गावी राहायला गेला. तिथे तत्त्वज्ञ एल्व्हेस्यूसच्या विधवा पत्नीच्या घरी विचारवंतांची बैठक जमत असे. वैद्य काबानिस हा त्या मंडळातला त्याचा जवळचा स्नेही.

नोव्हेंबर १७९३ मध्ये त्रासीला अटक झाली. जहाल क्रांतिकारक नेता रोबस्पिएर याच्या राजवटीत उमराव कुळात जन्म हेच संशयाला पुरेसे कारण होते. पॅरिसच्या कार्म तुरुंगात, रोज कोणाला तरी गिलोटिनकडे नेले जात असताना, त्याने कोंदियाक आणि लॉक यांचे ग्रंथ वाचून काढले. २३ जुलै १७९४ रोजी त्याने आपल्या विचारांचे सार काही समीकरणांच्या रूपात टिपून ठेवले. विचारशक्ती, ज्ञान आणि सत्य यांची साखळी एका बाजूला; सद्गुण, सुख, स्वातंत्र्य आणि समता यांची साखळी दुसऱ्या बाजूला. त्यानंतर चारच दिवसांनी रोबस्पिएरची सत्ता गेली, आणि ऑक्टोबरमध्ये त्रासी सुटला.

ज्या क्रांतीने विवेकाचा जयघोष केला तीच विवेकाच्या नावाने माणसे मारू लागली, हे कसे घडले, असा प्रश्न त्या काळच्या प्रत्येक विचारी फ्रेंच माणसापुढे होता. त्रासी आणि त्याच्या सोबत्यांचे उत्तर असे, की दोष विवेकाचा नाही, संदिग्ध शब्दांचा आणि कच्च्या कल्पनांचा आहे. ‘जनता’, ‘सद्गुण’, ‘शत्रू’ हे शब्द ज्याला हवे तसे वाकवता आले, म्हणून भाषणांच्या जोरावर कत्तली झाल्या. कल्पना कशा तयार होतात हे नेमके कळले, तर खोट्या कल्पना वेळीच ओळखता येतील.

१७९५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘अँस्तित्यु नास्योनाल’ ही राष्ट्रीय विद्वत्संस्था स्थापन झाली. तिच्या ‘नैतिक आणि राजकीय शास्त्रे’ या विभागात ‘संवेदना आणि कल्पनांचे पृथक्करण’ असा एक उपविभाग होता. त्रासी त्यात दाखल झाला आणि १७९६ मध्ये त्याने विचारशक्तीवरचे निबंध वाचले. या अभ्यासाला नाव काय द्यायचे, याची चर्चा त्यातच आहे. ‘मेटाफिजिक्स’ हे जुने नाव त्याने नाकारले, कारण त्यात अनुभवापलीकडच्या गोष्टींची अटकळ येते. ‘सायकॉलॉजी’ही नाकारले, कारण त्या शब्दात ‘सायकी’ म्हणजे आत्मा आहे, आणि आत्मा असतो हे आधीच गृहीत धरल्यासारखे होते. ‘इदेओलोजी’ या शब्दात असे काहीच गृहीत नव्हते. त्याच वर्षी इंग्रजी नियतकालिकांतही या नव्या शब्दाची नोंद झाली.

शास्त्राचा कार्यक्रम

‘इदेओलोजीची मूलतत्त्वे’ हा त्रासीचा मुख्य ग्रंथ १८०१ ते १८१५ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाला. पहिल्या भागात कल्पना कशा बनतात याचे विवेचन आहे. संवेदन, स्मरण, निर्णय आणि इच्छा या चार शक्तींत सगळा मनोव्यापार येतो, आणि त्याही शेवटी संवेदनाचीच रूपे आहेत, असे त्याचे प्रतिपादन होते. मानवी बुद्धीचा अभ्यास हा प्राणिशास्त्राचाच एक भाग आहे, असे त्याने प्रस्तावनेत बजावले. दुसरा भाग व्याकरणाचा, कारण कल्पना शब्दांत बांधल्या जातात, तिसरा तर्कशास्त्राचा, आणि चौथा इच्छाशक्तीचा, ज्यात अर्थशास्त्र येते.

ही पुस्तके मुळात विद्यार्थ्यांसाठी होती. क्रांतीनंतरच्या सरकारने १७९५ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत ‘मध्यवर्ती शाळा’ काढल्या. त्यांत धर्मशिक्षणाऐवजी विज्ञान, चित्रकला आणि सामान्य व्याकरण असे विषय होते. कल्पनांचे शास्त्र शाळेत शिकवले गेले की राजेशाहीकडे मागे न वळणारी आणि जमावशाहीलाही न भुलणारी नागरिकांची पिढी तयार होईल, अशी या मंडळींची खात्री होती. मूळ अर्थाने आयडिऑलॉजी ही अशी समजुतींना चिकटून बसणाऱ्या वृत्तीवरचा उतारा होती.

अटलांटिकच्या पलीकडेही त्रासीला चाहता मिळाला. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी फ्रेंच राजकीय विचारवंत माँतेस्कियूवरील त्याच्या भाष्याचे इंग्रजी भाषांतर १८११ मध्ये फिलाडेल्फियात छापून आणले. नेपोलियनच्या फ्रान्समध्ये ते छापणे शक्य नव्हते. त्याच्या अर्थशास्त्रावरील भागाचे भाषांतरही जेफरसन यांनी स्वतः तपासून घेतले. जेफरसन यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स यांना मात्र या नव्या शब्दाची गंमत वाटली. ही कसली विद्या म्हणायची, अशी थट्टा त्यांनी १८१६ मध्ये जेफरसन यांना लिहिलेल्या पत्रात केली आहे. तोवर युरोपात त्या शब्दाची चांगलीच शोभा झाली होती, आणि त्याला कारण होता नेपोलियन.

नेपोलियनने दिलेली शिवी

तरुण सेनापती बोनापार्ट आरंभी या मंडळींचा लाडका होता. डिसेंबर १७९७ मध्ये तो अँस्तित्युचा सदस्य झाला आणि त्याने तो मान अभिमानाने मिरवला. नोव्हेंबर १७९९ मध्ये त्याने सत्ता बळकावली तेव्हा ‘इदेओलोग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मंडळींपैकी अनेकांनी त्याला पाठिंबा दिला. राज्य स्थिर करील आणि क्रांतीचे फलित राखील असा पुरुष त्यांना त्याच्यात दिसला. त्रासीसह काही जण नव्या सेनेटचे सदस्यही झाले.

हे गूळपीठ फार काळ टिकले नाही. नेपोलियनला एकहाती सत्ता हवी होती आणि तिला धर्माचा टेकू हवा होता. १८०१ मध्ये त्याने पोपशी करार केला. मुळापासून धर्मसंस्थेच्या विरोधात असलेल्या या मंडळींना तो रुचणे शक्यच नव्हते. १८०२ मध्ये त्याने त्रिब्युना या सभागृहातून टीकाकार सदस्य वगळले आणि मध्यवर्ती शाळा बंद करून त्यांच्या जागी ‘लिसे’ या नव्या शाळा आणल्या. जानेवारी १८०३ मध्ये अँस्तित्युची पुनर्रचना करून नैतिक आणि राजकीय शास्त्रांचा विभागच मोडीत काढला. ‘इदेओलोग’ हा शब्द आता तो हेटाळणीने वापरू लागला. हवेत इमले बांधणारे, कारभाराचा गंध नसलेले पढतमूर्ख, असा त्याचा अर्थ झाला.

या हेटाळणीचा कळस १८१२ मध्ये झाला. रशियावरची स्वारी धुळीला मिळाली होती आणि लाखो सैनिक बर्फात आणि रोगराईत गेले होते. ऑक्टोबरमध्ये माले नावाच्या सेनापतीने सम्राट मेल्याची अफवा उठवून पॅरिसमध्ये सत्ता घेण्याचा प्रयत्न केला, आणि काही तास तो फळालाही आला. सैन्य मागे टाकून नेपोलियन डिसेंबरमध्ये राजधानीत परतला आणि २० डिसेंबरला राज्यपरिषदेपुढे बोलला. फ्रान्सवर कोसळलेल्या सगळ्या संकटांचे खापर त्याने आयडिऑलॉजीवर फोडले. मानवी स्वभाव आणि इतिहासाचे धडे बाजूला ठेवून आदिकारणांच्या शोधावर कायदे उभारू पाहणारे ते धूसर तत्त्वज्ञान आहे, असा त्याचा रोख होता. ज्या गटाला त्याने नऊ वर्षांपूर्वीच मोडले होते, त्याला त्याने रशियातल्या पराभवाबद्दल जबाबदार धरले. एप्रिल १८१४ मध्ये ज्या सेनेटने नेपोलियनला पदच्युत केले, तिचा त्रासी सदस्य होता.

शब्दाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट ही, की आयडिऑलॉजी हे एका शास्त्राचे नाव राहिले नाही. ते विशिष्ट राजकीय मते असलेल्या लोकांच्या डोक्यातल्या सामग्रीचे नाव झाले, आणि ते नाव देणारा सत्ताधारी त्यांचा विरोधक होता. ‘माझे ते वास्तवाचे भान, तुझी ती आयडिऑलॉजी’ हा आजवर चालत आलेला वापर इथे सुरू झाला.

मार्क्स आणि एंगेल्स

कार्ल मार्क्सने १८४४ मध्ये पॅरिसला असताना त्रासीचे अर्थशास्त्र वाचले होते. पुढे ‘भांडवल’ ग्रंथात त्याने त्रासीची थंड रक्ताचा बुर्झ्वा, म्हणजे भांडवलदारी, पंडित अशी संभावना केली. आयडिऑलॉजी हा शब्द त्याने नेपोलियनच्या हेटाळणीसह घेतला, पण त्यामागे एक संपूर्ण सिद्धांत उभा केला. मार्क्स आणि फ्रीडरिख एंगेल्स यांनी १८४५-४६ मध्ये ब्रुसेल्समध्ये ‘जर्मन आयडिऑलॉजी’ लिहिले. त्याला प्रकाशक मिळाला नाही आणि ते संपूर्ण छापून आले १९३२ मध्ये, दोघांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी.

या लेखनाचा रोख जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या तरुण शिष्यांवर होता. माणसे चुकीच्या कल्पनांमुळे गुलाम आहेत आणि त्या डोक्यातून काढल्या की ती मोकळी होतील, असे हे शिष्य मानत. त्यांची टर उडवताना प्रस्तावनेत एका गृहस्थाची गोष्ट येते. माणसे पाण्यात बुडतात ती गुरुत्वाकर्षणाच्या कल्पनेने झपाटल्यामुळे, अशी त्याची समजूत. ती कल्पना डोक्यातून हद्दपार करण्यासाठी तो जन्मभर झटला. मार्क्स-एंगेल्स यांचे म्हणणे याच्या उलट होते. माणसे अन्न, वस्त्र, निवारा कसा मिळवतात, जमीन आणि अवजारे कोणाच्या मालकीची असतात, यावर त्यांच्या कायद्याच्या, धर्माच्या आणि नीतीच्या कल्पना उभ्या असतात. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीतल्या बारीक छिद्रातून पडणारे बाहेरचे दृश्य उलटे दिसते, तसे आयडिऑलॉजीत वास्तव उलटे दिसते. कल्पना मूळ आणि जीवन तिचे फळ असे वाटू लागते.

दुसरा मुद्दा सत्तेचा. उत्पादनाची साधने ज्या वर्गाच्या हाती, त्याच्याच कल्पना त्या काळाच्या सर्वमान्य कल्पना ठरतात. त्या वर्गाचे हित हे सगळ्या समाजाचे हित म्हणून मांडले जाते आणि ज्यांचे नुकसान होते तेही ते मान्य करतात. १८९३ मध्ये फ्रान्झ मेरिंगला लिहिलेल्या पत्रात एंगेल्सने यासाठी ‘खोटी जाणीव’ हा शब्दप्रयोग केला. विचारवंत प्रामाणिकपणे विचार करत असतो, पण त्याला हलवणाऱ्या खऱ्या प्रेरणा त्याच्याच नजरेआड असतात. खोटे बोलणाऱ्याला सत्य माहीत असते. आयडिऑलॉजीत अडकलेला माणूस मनापासून बोलत असतो. म्हणूनच या अर्थाने आयडिऑलॉजी उघडी पाडणे हे थापा उघड्या पाडण्याहून अवघड काम आहे.

आरोपाकडून अभिमानाकडे

विसाव्या शतकाच्या आरंभी शब्दाने पुन्हा वळण घेतले. लेनिनने १९०२ च्या ‘काय करावे?’ या पुस्तिकेत बुर्झ्वा आयडिऑलॉजीच्या विरुद्ध समाजवादी आयडिऑलॉजी उभी केली. म्हणजे आयडिऑलॉजी असणे हा आता दोष राहिला नाही. प्रत्येक वर्गाला आपली आयडिऑलॉजी असते आणि कामगारांनाही ती लागते. ‘पक्षाची विचारसरणी’, ‘वैचारिक बांधिलकी’ असे जे बोलले जाते त्याची मुळे या वापरात आहेत. दरम्यान राजकीय मतांची नावेही स्थिर झाली होती. १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाचा नकाराधिकार मानणारे अध्यक्षांच्या उजवीकडे आणि न मानणारे डावीकडे बसले, त्यातून ‘डावे’ आणि ‘उजवे’ आले. स्पेनमध्ये १८१० नंतर ‘लिबरल’ हे गटाचे नाव झाले. १८१८ मध्ये फ्रेंच लेखक शातोब्रियांने ‘ल काँसेर्व्हातर’ म्हणजे ‘परंपरा राखणारा’ या नावाचे पत्र काढले. या सगळ्या वादांना मिळून एक सामान्यनाम हवे होते, ते त्रासीच्या शब्दाने पुरवले.

मार्क्सच्या परंपरेतच पुढे या कल्पनेत मोठी भर पडली. इटलीचे कम्युनिस्ट नेते अंतोनिओ ग्राम्शी यांना मुसोलिनीच्या राजवटीने १९२६ मध्ये अटक केली. तुरुंगात १९२९ पासून त्यांनी तीसहून अधिक वह्या लिहिल्या. सत्ता केवळ पोलीस आणि सैन्यावर टिकत नाही; शाळा, देवळे, वर्तमानपत्रे यांतून लोकांची संमती मिळवून टिकते, असे ते सांगतात. सत्ताधारी वर्गाचा दृष्टिकोन हळूहळू सगळ्यांच्या ‘साध्या समजुती’चा भाग होतो आणि त्याबद्दल कोणी शंकाही घेत नाही. या संमतीवर चालणाऱ्या वर्चस्वाला त्यांनी ‘हेजेमनी’ म्हटले. फ्रान्सच्या लुई अल्थुसेर यांनी १९७० च्या निबंधात आयडिऑलॉजी डोक्यात नसून कवायत, प्रार्थना, शाळेचा तास अशा रोजच्या कृतींत वसते असे मांडले. रस्त्यात पोलिसाने मागून हाक मारली की माणूस वळून पाहतो, आणि वळताक्षणी हाक आपल्यालाच होती हे मान्य करतो. आयडिऑलॉजी माणसाला अशीच हाक मारून त्याची ओळख त्याला देते, हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण.

कोंडी आणि तिच्यावरचे उपाय

हंगेरीत जन्मलेले आणि जर्मनीत अध्यापन करणारे समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२९ मध्ये ‘आयडिऑलॉजी आणि युटोपिया’ हे पुस्तक लिहून एक अडचणीचा प्रश्न विचारला. प्रत्येकाचे विचार त्याच्या सामाजिक स्थानातून येत असतील, तर हे सांगणाऱ्याचे विचारही त्यातून सुटत नाहीत. मार्क्सवादी इतरांना जे हत्यार लावतात ते मार्क्सवादालाही लावता येते. मग खरे कोण ठरवणार? एखाद्याच्या मुद्द्यामागे त्याचा स्वार्थ आहे असा संशय घेणे, याला मानहाइम आयडिऑलॉजीचा मर्यादित अर्थ म्हणतात; एका युगाची किंवा वर्गाची विचार करण्याची सगळी चौकटच त्या स्थानातून घडते असे मानणे, हा समग्र अर्थ. चालू व्यवस्था टिकवणाऱ्या कल्पना म्हणजे आयडिऑलॉजी आणि ती मोडू पाहणाऱ्या कल्पना म्हणजे युटोपिया, अशीही विभागणी त्यांनी केली. कोणत्याही एका वर्गाला न बांधलेले सुशिक्षित लोक वेगवेगळे दृष्टिकोन एकत्र पाहू शकतील, हे त्यांनी सुचवलेले उत्तर मात्र अनेकांना पटले नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी पुढे या कोंडीला मानहाइमचेच नाव दिले.

नाझी आणि स्टालिनी राजवटींनंतर शब्दाला पुन्हा काळी छटा आली. राजकीय विचारवंत हाना आरेंट यांनी आयडिऑलॉजी म्हणजे एका कल्पनेचे बेलगाम तर्कशास्त्र, असा अर्थ लावला. वंशसंघर्ष किंवा वर्गसंघर्ष हे एकच सूत्र धरून सगळा भूतकाळ आणि भविष्यकाळ त्यातून पिळून काढायचा, आणि अनुभव आड आला तर अनुभवच खोटा ठरवायचा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅनियल बेल यांनी १९६० मध्ये ‘आयडिऑलॉजीचा अंत’ जाहीर केला. पण त्यानंतर दहा वर्षांच्या आतच व्हिएतनाम युद्धाविरुद्धची आंदोलने आणि १९६८ चे विद्यार्थ्यांचे उठाव झाले. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस फुकुयामा यांनी १९८९ मध्ये उदारमतवादी लोकशाहीचा अंतिम विजय झाल्याचे सुचवले, आणि त्यालाही पुढच्या घटनांनी साथ दिली नाही.

याच काळात शब्दाकडे थंड डोक्याने पाहणारे अभ्यासकही पुढे आले. गीर्ट्झ यांनी १९६४ मध्ये लिहिले की जुन्या रूढी मार्ग दाखवेनाशा झाल्या की समाजाला नवा नकाशा लागतो, आणि विचारसरणी तो नकाशा पुरवते. मायकेल फ्रीडन यांनी १९९६ च्या ग्रंथात विचारसरणीची रचना उलगडून दाखवली. प्रत्येक विचारसरणीत काही संकल्पना गाभ्याशी असतात, काही त्यांना लागून आणि काही कडेला. शिवाय ती वादग्रस्त शब्दांना एकच अर्थ बांधून देते. ‘समता’ हाच शब्द घ्यावा. उदारमतवादी त्याला कायद्यापुढची आणि संधीची समता या अर्थी पक्का करतो. समाजवादी तो संपत्ती आणि जमीन यांच्या वाटपाशी जोडतो. स्त्रीवादी तो घरातल्या कामाच्या वाटणीपर्यंत नेतो. शब्द एक असल्याने तिघांचे एकमत आहे असे वाटते, पण शेजारच्या संकल्पना वेगळ्या असल्याने निघणारे कायदे वेगवेगळे असतात.

मराठी मुलुखातली चर्चा

आयडिऑलॉजी हा शब्द न वापरता तिच्याशी भिडणारे लेखन महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकातच झाले. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त पुराणांतल्या अवतारकथांचा वेगळा अर्थ लावला. या कथा म्हणजे जेत्यांनी रचलेला इतिहास असून त्यांच्या जोरावर शूद्रातिशूद्रांना त्यांची गुलामगिरी हाच धर्म वाटू लागला, असे त्यांचे प्रतिपादन होते. सत्ता टिकते ती पिळल्या जाणाऱ्यांच्या मनावरच्या ताब्यामुळे, हा त्यातला मुद्दा मार्क्स आणि ग्राम्शी यांच्या विवेचनाशी नाते सांगतो. पण तो जातीच्या अनुभवातून, स्वतंत्रपणे आला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मध्ये छापलेल्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात जात ही मनाची अवस्था आहे आणि म्हणून शास्त्रग्रंथांच्या पावित्र्यावरचा विश्वासच हलवला पाहिजे, असे सांगितले. १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन करणारे शरद पाटील यांनी वर्ग आणि जात या दोन्ही विश्लेषणांची सांगड ‘मार्क्स-फुले-आंबेडकरवाद’ या नावाने घातली.

रोजच्या मराठीत ‘विचारसरणी’ हा शब्द बहुतेक वेळा लेनिनच्या वळणाचा, म्हणजे तटस्थ किंवा गौरवाचा असतो. अधिक्षेपासाठी लोक दुसरे शब्द काढतात : पोथीनिष्ठ, झापडबंद, कंपूशाही.

एका वाक्याचे तीन अर्थ

आज अभ्यासक हा शब्द मुख्यतः तीन अर्थांनी वापरतात. ‘कष्ट केले की माणूस वर येतोच’ हे सर्वांच्या तोंडचे वाक्य घेतले तर तिन्ही अर्थ स्पष्ट होतात.

पहिला अर्थ वर्णनाचा. हे वाक्य व्यक्तीच्या कर्तृत्वाला गाभ्याशी ठेवणाऱ्या विचारसरणीत बसते. तिच्यातून कमी कर, मर्यादित सरकार, स्पर्धेवर विश्वास अशी धोरणे निघतात. इथे ती बरोबर की चूक हा प्रश्नच नाही; ती कोणत्या घराण्यातली एवढेच पाहायचे.

दुसरा अर्थ टीकेचा. ऊसतोड मजूर पहाटेपासून राबतो आणि तरी मुकादमाची उचल फिटत नाही, हे या वाक्याने झाकले जाते. जो वर आला त्याचे यश त्याचे आणि जो मागे राहिला त्याचा दोषही त्याचाच, असा निकाल लागतो. कर्जाची आणि मजुरीच्या दराची चौकशी करायचे कारण उरत नाही. स्वतः मजुरालाही ते पटले, तर मार्क्सच्या अर्थाने ती आयडिऑलॉजी झाली.

तिसरा अर्थ मानहाइमचा. हे वाक्य कोण, कुठून बोलतो ते पाहायचे. शिक्षणाच्या बळावर एका पिढीत खेड्यातून शहरात आलेल्या माणसाला ते अनुभवाने खरे वाटते. पिढ्यान्पिढ्या त्याच बांधावर राहिलेल्याला ते पोकळ वाटते. दोघेही आपापल्या जागेवरून जे दिसते ते सांगतात. आणि ही चिकित्सा करणाऱ्याचीही एक जागा असते.

हे तीन अर्थ एकमेकांत मिसळले की वाद भरकटतो. एक जण विचारसरणी हा शब्द वर्णन म्हणून वापरतो, दुसरा तो आरोप म्हणून ऐकतो. टेरी ईगल्टन यांनी १९९१ च्या आपल्या पुस्तकाच्या आरंभीच आयडिऑलॉजीच्या सोळा व्याख्या दिल्या आहेत; त्यांतल्या काही एकमेकींशी जुळतही नाहीत. सगळ्यांना मान्य होईल अशी एकच व्याख्या झालेली नाही आणि होण्याची चिन्हेही नाहीत. कारण हा शब्द राजकीय भांडणाचे वर्णन करतो आणि त्याच वेळी त्या भांडणात हत्यार म्हणूनही वापरला जातो. म्हणून ‘ही निव्वळ आयडिऑलॉजी आहे’ असे वाक्य कानावर आले की वाचकाने दोन गोष्टी तपासाव्यात : बोलणारा शब्द कोणत्या अर्थाने वापरतो आहे, आणि तोच निकष तो स्वतःच्या मतांना लावायला तयार आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर तो शब्द नेपोलियनच्याच अर्थाने वापरला जात आहे असे समजावे.